स्पेस एज म्हणजे ढापलेला मॉड आहे का? (उत्तर जरा लांबलंय)

प्रश्न असा आलाय: "दादा, फॅक्टोरिओचं स्पेस एज घेतलं, आवडलं, पण रूममेट म्हणतो की हे सगळं आधीच फुकट मॉडमध्ये होतं आणि कंपनीने ढापून 35 डॉलरला विकलं. खरंय का? आणि सगळेच असं करतात का?"

(नवख्यांसाठी: फॅक्टोरिओ हा कारखाने उभारायचा गेम, स्पेस एज हे त्याचं विकतचं एक्स्पान्शन म्हणजे जोडभाग, आणि मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेला फेरफार.) रूममेटचं निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं समजून घ्यायचं तर एकदा मॉड आणि एकदा पगारी गेम असं दोन्हीकडून काम करून बघावं लागतं. मी दोन्ही केलंय. कॉलेजला असताना हॉस्टेलवर एज ऑफ एम्पायर्स टूची डेटा फाइल जिनी एडिटरमध्ये उघडून मंगुदाई या मंगोल घोडेस्वार तिरंदाजाचं नाव बारगीर केलं होतं, त्याचा स्पीड वाढवला होता आणि आख्ख्या विंगला तो गेम खेळायला लावला होता. बॅलन्सची पार वाट लागलेली, पण मजा आली. आता तेरा वर्षं पुण्यात गेम डेव्हलपमेंटमध्ये आहे, डिझाइन आणि थोडं प्रोग्रामिंग, त्यामुळे मॉडवाल्यांचा राग आणि कंपनीवाल्यांची अडचण दोन्ही जवळनं बघितलीय.

आधी तुझ्या गेमचंच घेऊ. फॅक्टोरिओ बनवणारी वुब सॉफ्टवेअर ही प्रागमधली कंपनी. 1.0, म्हणजे गेमची पहिली पूर्ण आवृत्ती, आलं 14 ऑगस्ट 2020 ला. त्यात शेवट काय, तर रॉकेट उडवायचं, गेम संपला. पण तोवर ज्यांनी हजार हजार तास घातले होते त्यांच्या डोक्यात साहजिक प्रश्न, की रॉकेट उडालं, बरं मग पुढे काय? याचं सगळ्यात दणदणीत उत्तर दिलं स्पेस एक्स्प्लोरेशन या मॉडने, जो एरेंडेल नावाने वावरणाऱ्या मॉडरने बनवला. त्यात रॉकेट उडालं की खरा गेम सुरू होतो, दुसरे ग्रह, ऑर्बिट, स्पेसशिप, आणि ढीगभर नवे सायन्स पॅक (नवं तंत्रज्ञान शोधायला लागणारा माल). पूर्ण करायला कित्येकशे तास. लोकांनी त्यासाठी रजा काढल्यात, मला माहितीयेत असे दोघं.

वुबने काय केलं, तर त्या माणसालाच नोकरीवर घेतलं. आणि ऑगस्ट 2023 मध्ये स्पेस एज जाहीर केलं तेव्हा त्यांच्या ब्लॉगवरच्या शुक्रवारच्या लेखात हे लपवलं नाही, सरळ लिहिलं की हा आमच्या टीममध्ये आहे आणि त्याच्या मॉडमध्ये आणि आमच्या एक्स्पान्शनमध्ये फरक काय असणारे. त्यामुळे "ढापलं" हा शब्द इथे बसत नाही. ज्याची विहीर त्यालाच पाणी काढायला बोलावलं, पगार देऊन.

पण तुझा खरा प्रश्न मला वाटतं तो नाहीये. तुला विचारायचंय की जे फुकट होतं त्याचे पैसे का द्यायचे. तर स्पेस एज 21 ऑक्टोबर 2024 ला आलं ते शेजारी ठेव आणि मॉड शेजारी ठेव, आणि काय आहे ते बघू नकोस, काय नाहीये ते बघ. माझ्या मते एक्स्पान्शन बनवणाऱ्याचं निम्म्याहून जास्त काम मॉडमधलं काय सोडून द्यायचं हे ठरवण्यातच असतं. कल्पना कुणाकडेही असते रे, कट्ट्यावर चहा पिताना अर्ध्या तासात वीस निघतात. मॉडमधून कंपनीला मिळतं ते काहीतरी वेगळंच, म्हणजे हजारो लोकांनी आपला वेळ घालून आधीच करून ठेवलेली चाचणी. कुठे माणूस अडकतो, कुठे कंटाळतो, कुठे रात्रीचे तीन वाजले तरी उठत नाही, हे सगळं समोर मांडून ठेवलेलं असतं.

आपल्याकडे पुरुषोत्तम करंडकला गाजलेल्या एकांकिकेचं पुढे व्यावसायिक नाटक होतं ना, तसंच थोडंफार. प्रेक्षक हसतो कुठे आणि चुळबुळ कुठे करतो हे आधीच कळलेलं असतं. फक्त तिथे अर्ध्यापाऊण तासाचं वाढवून दोन अंक करायचे असतात आणि इथे उलटं, पाचशे तासांचं कापून शंभर-दीडशेवर आणायचं असतं. आणि कापणं जास्त अवघड, कारण ज्यांनी पाचशे तास काढलेत ते बोंबलणारच की आमचा आवडता भाग कुठे गेला.

आता रॉकेटचं उदाहरण घे. मूळ गेममध्ये रॉकेट म्हणजे लग्नकार्य, शंभर पार्ट जोडायचे, प्रत्येक पार्टला तीन वेगवेगळ्या वस्तू दहा-दहा लागणार, एकदा उडालं की टाळ्या. मॉडमध्येही मालवाहू रॉकेट हे तसं मोठंच प्रकरण, त्याचं नियोजन म्हणजेच गेम. स्पेस एजमध्ये पार्ट पन्नास आणि प्रत्येकाला वस्तू एक-एक, आणि सायलो, म्हणजे रॉकेट जिथून उडतं ती इमारत, पण बराच लवकर हाती येतो. म्हणजे रॉकेटची एसटी झाली, दर थोड्या वेळाने सुटते, एका खेपेला एक टन माल. हे दिसायला फक्त आकडे बदललेत, पण मॉडमध्ये लोक नेमके पहिल्या रॉकेटच्या आसपास गेम सोडून द्यायचे हे ज्याने जवळनं बघितलंय तोच एवढ्या धीटपणे आकडे खाली आणू शकतो. नवीन माणसाने इतकं स्वस्त करायला हातच आखडला असता.

दुसरं, जरा टेक्निकल आहे पण सांगतो, कारण पैसे खरे इथे गेलेत. फॅक्टोरिओचं इंजिन सी प्लस प्लसमध्ये आहे आणि मॉड चालतात लुआ नावाच्या वेगळ्या भाषेत, म्हणजे मॉडरला घराची भिंत पाडता येत नाही, फर्निचर हलवता येतं. इंजिनमध्ये एकापेक्षा जास्त सरफेस, म्हणजे वेगवेगळ्या जमिनी, ठेवायची सोय आधीपासून होती पण मूळ गेम एकच वापरायचा. मॉडवाल्यांनी ही फट बरोबर शोधली. फॅक्टोरिसिमो नावाच्या मॉडने तर बिल्डिंगच्या आत आख्खी वेगळी फॅक्टरी बसवली, बाहेरून छोटी, आत शिरलं की मैदान. स्पेस एक्स्प्लोरेशनने ग्रह त्याच सरफेसवर उभे केले. पण स्पेसशिप उडवायचं झालं की आख्ख्या जहाजाची एका सरफेसवरून दुसऱ्यावर कॉपी करायची, माल वाहणारा प्रत्येक बेल्ट, माल उचलून ठेवणारा प्रत्येक इन्सर्टर, आणि मोठं जहाज असलं की गेम तिथे गचका खायचा. गेम सेकंदाला साठ अपडेट मारतो, ते खाली आले की फॅक्टोरिओवाल्यांचं ब्लड प्रेशर वर जातं हे तुला सांगायला नको.

स्पेस एजमध्ये बघ, प्लॅटफॉर्म, म्हणजे तिथलं स्पेसशिप, हा स्वतःच एक सरफेस आहे. तो हलतच नाही खरं तर, लघुग्रह त्याच्या अंगावर येतात आणि आपल्याला वाटतं आपण चाललोय. ट्रेनमध्ये बसल्यावर झाडं पळतात तसं. कॉपी नाही, गचका नाही. ही युक्ती सुचायला आधी कुणीतरी कॉपी करून गचका खाल्लेला असावा लागतो. तीच गोष्ट रिमोट व्ह्यूची. दहा तास एका ग्रहावर अडकलास आणि तिकडे घरी पॉवर गेली तर काय करणार, म्हणून मॉडमध्ये सॅटेलाइटच्या नावाखाली लांबून बघायची आणि बांधायची सोय केलेली होती. आता ती सोय मूळ गेममध्येच आहे, 2.0 अपडेटमध्ये, आणि ते अपडेट फुकट होतं, स्पेस एज न घेतलेल्यांनाही मिळालं. रूममेटला हे नक्की सांग.

आणि एकाच मॉडचं नाही हे. वितळलेलं लोखंड पाइपमधून नेऊन ओतायचं, जे तू व्हल्कॅनस ग्रहावर फाउंड्रीत करतोस, ते अँजेलच्या मॉडमध्ये कित्येक वर्षं होतं, फक्त तिथे इतके टप्पे होते की केमिकल इंजिनियरिंगची डिग्री असल्याशिवाय हात लावू नये. बेल्टवर वस्तूंची चळत लावून कैकपट माल न्यायचा ही गोष्ट डेडलॉकच्या मॉडमध्ये होती, त्यासाठी बेल्टच्या मध्ये वेगळं मशीन बसवायला लागायचं, इथे ते इन्सर्टरवर ढकललं आणि मशीनच गायब. त्याही आधी, 2017 ला 0.15 आवृत्तीमध्ये द्रव वाहून नेणारा रेल्वेचा डबा आला, तो रेल टँकर नावाच्या मॉडमध्ये आधीच फिरत होता. सगळीकडे बघ एकच गोष्ट झालीय: मॉडमध्ये पाच पायऱ्या, गेममध्ये एक.

आता गंमत. स्पेस एजमध्ये लोकांची सगळ्यात जास्त भांडणं कशावर झाली? ग्लेबा ग्रहावरचं सडणं आणि क्वालिटी. माल वेळेत नेला नाही की कुजणार, आणि प्रत्येक वस्तूच्या दर्जाच्या पायऱ्या. माझ्या बघण्यात तरी या दोन्हींना स्पेस एक्स्प्लोरेशनसारखा तावूनसुलाखून निघालेला मॉड मागे नव्हता, हे टीमचं स्वतःचं धाडस होतं. मला स्वतःला ग्लेबा जाम आवडला, बायको म्हणते घरातली भाजी कुजते तिकडे लक्ष नाही आणि स्क्रीनवरच्या फळांची काळजी. पण अर्ध्या लोकांनी शिव्या घातल्या हे खरंय.

मॉडमधली गोष्ट गेममध्ये घेणं किती महाग पडतं याचा माझा स्वतःचा अनुभव सांगतो, गेमचं आणि कंपनीचं नाव नको. आमच्या एका गेमला एका पोराने भारी मॉड केला होता, सामानाच्या पेटीत एक बटण, दाबलं की सगळं नीट लावलं जायचं. प्लेअर्स म्हणाले घ्या की गेममध्ये, मी मीटिंगमध्ये छातीठोक सांगितलं दोन दिवसांचं काम आहे. सात आठवडे लागले. का, तर मॉड माउसवर चालायचा, आम्हाला कंट्रोलरवर पण हवा. मॉडमध्ये नावं इंग्लिश अक्षरक्रमाने लागायची, आमचा गेम अकरा भाषांत, त्यात अरबी उजवीकडून डावीकडे. मल्टिप्लेअरमध्ये दोघांनी एकाच पेटीवर एकाच क्षणी बटण दाबलं की एकाची तलवार गायब, आणि तो बग पकडायलाच दोन आठवडे गेले कारण दहातल्या एका वेळेलाच व्हायचा. मग जुन्या सेव्ह फाइल्स, ज्यांनी आधी तो मॉड टाकलेला त्यांच्या पेट्या उघडेनात. मॉडरच्या पानावर फक्त एक ओळ होती, मल्टिप्लेअरमध्ये वापरू नका. ती ओळ मॉडरला लिहिता येते. पैसे घेणाऱ्याला नाही लिहिता येत. त्यानंतर मी मीटिंगमध्ये दिवसांचा आकडा सांगायचा बंद केलाय.

तू विचारलंस सगळेच असं करतात का, तर प्रकार वेगवेगळे आहेत. काही वेळा मॉडची आख्खी टीमच एक्स्पान्शन बनवते. याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे एज ऑफ एम्पायर्स टू, आणि हे आपल्या पिढीने सायबर कॅफेत तासाच्या दराने खेळलेलं असल्यामुळे जरा रेंगाळतो. मूळ गेम 1999 चा, कॉन्करर्स एक्स्पान्शन 2000 चं, एकूण 18 सिव्हिलायझेशन. त्यानंतर काहीच नाही. बनवणारा एन्सेम्बल स्टुडिओ 2009 च्या सुरुवातीला बंद पडला. गेम अधिकृतरीत्या मेला पण खेळणारे मेले नाहीत. मोठ्या स्क्रीनवर चालावा म्हणून फॅन्सनीच पॅच काढले. आणि डिसेंबर 2012 मध्ये चाहत्यांच्या एका टीमने फॉरगॉटन एम्पायर्स नावाचा मॉड काढला, त्यात चक्क नव्या सिव्हिलायझेशन. मी बारगीर केलं होतं ते नुसतं नाव बदलणं होतं, मंगुदाईच्या डोक्यावर फेटा बांधल्यासारखं. यांनी कुणालाही न हलवता यादी वाढवली, तेही सोर्स कोड हातात नसताना. हे बघून मी तेव्हा खरंच खुर्चीतून उठलो होतो.

2013 च्या एप्रिलमध्ये एचडी एडिशन स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आली आणि त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला हाच मॉड द फॉरगॉटन नावाने अधिकृत एक्स्पान्शन झाला. तेरा वर्षांनंतरचं पहिलं एक्स्पान्शन, आणि ते फॅन्सनी बनवलेलं. त्यात इटालियन, स्लाव्ह, मग्यार, इंका आणि इंडियन्स. पुढे याच टीमने आफ्रिकन किंगडम्स, राइज ऑफ द राजाज केलं आणि 2019 च्या डेफिनिटिव्ह एडिशनवरही मुख्य हात त्यांचाच.

आता त्या इंडियन्सकडे बघ, कारण मॉडमधून आलेली कल्पना किती दिवस मुरते ते इथे दिसतं. 2013 मध्ये आख्ख्या भारताला एकच सिव्हिलायझेशन, उंट भारी, हत्तीवरून बाण मारणारे, आणि पृथ्वीराजाची मोहीम. आपण खूश होतो, निदान आलो तरी! पण तंजावर, बंगाल, गुजरात आणि दिल्ली एकाच पिशवीत घातलं तर ते कोंबलेलं दिसणारच, आणि लोक वर्षानुवर्षं हे बोलत राहिले. 28 एप्रिल 2022 ला डायनेस्टीज ऑफ इंडिया आलं त्यात जुन्या इंडियन्सचे हिंदुस्तानी झाले आणि बंगाली, द्राविडी आणि गुर्जर नव्याने आले. एलिफंट आर्चर जो आधी एकट्या इंडियन्सचा होता तो या भागातला सामाईक सैनिक झाला. द्राविडींना उरुमी या लवचिक तलवारीचे तलवारबाज, गुर्जरांना चक्र फेकणारे. म्हणजे नऊ वर्षांपूर्वीची स्वतःचीच चूक त्याच टीमने दुरुस्त केली. (मराठे नाहीत हे मलाही खुपतं, पण गेमचा काळ मुख्यत्वे मध्ययुगाचा आहे, शिवकाल त्यात ओढूनताणून बसवावा लागेल. देवगिरीचे यादव मात्र घ्यायला काही हरकत नव्हती, असो.)

माउंट अँड ब्लेड वॉरबँड या मध्ययुगीन लढायांच्या गेमचं पण असंच. माउंट अँड मस्केट या मॉडच्या टीमने 2012 मध्ये नेपोलियोनिक वॉर्स केलं, ब्रिटनवाल्डा मॉडच्या टीमने 2014 च्या डिसेंबरला व्हायकिंग कॉन्क्वेस्ट. दुसरं आलं तेव्हा त्यात इतके बग होते की पुढच्या वर्षी रिफोर्ज्ड एडिशन म्हणून फुकट दुरुस्ती द्यायला लागली. माझ्या सात आठवड्यांसारखीच भानगड, फक्त पब्लिकसमोर.

दुसरा प्रकार म्हणजे जाहिरातीत नवीन वस्तू आणि मॉडमधली कल्पना गुपचूप फुकट पॅचमध्ये. शहर वसवायच्या सिटीज स्कायलाइन्स गेमचं मास ट्रान्झिट, मे 2017. विकलं काय, तर फेरी, मोनोरेल, केबल कार. पण आम्हाला आनंद कशाचा, तर सोबतच्या पॅचमध्ये सिग्नल बंद-चालू करता यायला लागले आणि स्टॉपची पाटी लावता यायला लागली. ट्रॅफिक मॅनेजर मॉड ज्याने वापरलाय त्याला हे दोन वर्षं जुनं होतं, आणि त्या मॉडमध्ये याच्या दसपट होतं, लेन कुठली कुठे वळेल इथपर्यंत. कंपनीने दोन चमचे घेतले आणि पातेलं मॉडरकडे ठेवलं. मला ते शहाणपणाचं वाटतं, कारण लेनची जोडणी सगळ्यांच्या हाती दिली असती तर निम्म्या लोकांनी आपापलं शहर स्वतःच जॅम करून कंपनीला शिव्या घातल्या असत्या.

चोरी कुठे सुरू होते हे पण विचारशील. कायद्याने कल्पनेवर कॉपीराइट नसतो, कोडवर आणि चित्रांवर असतो, त्यामुळे "दुसऱ्या ग्रहावर फॅक्टरी" ही कुणाच्याच बापाची नाही. पण कायद्यात बसतं म्हणून बरं वाटतंच असं नाही. माइनक्राफ्टमध्ये 2011 ला पिस्टन आले तेव्हा ते ज्याच्या मॉडमधून घेतले त्या हिप्पोप्लॅटिमस नावाच्या मॉडरचं नाव गेमच्या कंपनीने, मोजांगने, जाहीर घेतलं, एवढ्यानेही फरक पडतो. उलट टोक म्हणजे वॉरक्राफ्ट थ्री. त्यातल्या एका फॅनच्या मॅपमधून डोटा आणि तिथून आख्खा गेमप्रकार उभा राहिला, आणि 2020 मध्ये त्याची नवी आवृत्ती रिफोर्ज्ड आली तेव्हा ब्लिझार्ड कंपनीच्या नियमांत असं लिहिलेलं की कस्टम गेम बनवाल तर तो आमचा. फॅन्स भडकले, आणि मी त्यांच्या बाजूने. तिथे आयत्या बिळावर नागोबा ही म्हण चपखल बसते, वुबवर नाही बसत.

म्हणून मी स्वतः तीन गोष्टी बघतो, नाव घेतलं का, माणसाला काम किंवा पैसे दिले का, आणि एक्स्पान्शननंतर मॉडची दारं उघडी ठेवली का. फॅक्टोरिओ तिन्हींत पास होतो. तिसरीत तर जास्तच, कारण प्लॅटफॉर्म, ग्रह, सडणं हे सगळं इंजिनमध्ये गेल्यामुळे मॉडरना आता ते आयतं वापरता येतं, आणि लोकांनी नव्या ग्रहांचे मॉड काढायला सुरुवात पण केलीय. ते बघून पुढे कोण काय उचलेल कुणास ठाऊक.

तू तुझं स्पेस एज आधी पुरं कर, अक्विलो ग्रहापर्यंत जा, तिथल्या थंडीत पाइप गोठले की मला मेसेज टाक. नंतर भूक राहिलीच तर स्पेस एक्स्प्लोरेशन लाव, पण सेमिस्टर संपल्यावर. आणि रूममेटला एकदा प्रेमाने विचार, त्याचा स्पेस एक्स्प्लोरेशनचा सेव्ह कुठपर्यंत पोचलाय. पहिल्या रॉकेटच्या पुढे असेल तर चहा माझ्याकडून.